लिओ फेंडर : गिटार न येणारा गिटारवाला

इलेक्ट्रिक गिटारच्या कुठल्याही दुकानात गेलात, तर भिंतीवर एक आडनाव हमखास दिसतं. फेंडर. गंमत म्हणजे ज्या माणसाचं हे आडनाव, त्याला गिटार वाजवता येत नव्हती. वाजवणं सोडा, तारा सुरात लावणंही त्याला जमत नसे. लिओ फेंडरचं शिक्षण अकाउंटिंगचं आणि धंदा रेडिओ दुरुस्तीचा. पण रॉक अँड रोलचा जो आवाज आपण ओळखतो, त्यातला बराचसा त्याच्या टेबलावर घडला.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात, ऑरेंज काउंटीत राहतो. पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि हौस म्हणून गिटार वाजवतो. लिओचं गाव फुलर्टन माझ्या घरापासून गाडीने साधारण अर्ध्या तासावर. गेल्या वर्षी घरच्या घरी एक छोटा, कमी वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बनवायला घेतला, तेव्हा सर्किट समजून घेता घेता त्या माणसाचं चरित्रही वाचत गेलो. वाचताना लक्षात आलं की ते सर्किट तसं का आहे, याचं उत्तर बरंचसं त्याच्या आयुष्यात आहे. म्हणून हा लेख. गिटारशी तुमचा काही संबंध नसला तरी चालेल. नोकरी गेलेला, परत गावी येऊन दुकान टाकलेला माणूस आपल्याला नवा नाही.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर हे त्याचं पूर्ण नाव. जन्म १० ऑगस्ट १९०९चा. आई-वडिलांची अनाहाइम आणि फुलर्टनच्या मधल्या भागात संत्र्यांची बाग होती. आज तिथे फ्रीवे, मॉल आणि डिस्नेलँडची गर्दी आहे. तेव्हा संत्र्यांच्या बागा होत्या आणि काउंटीचं नावही संत्र्यांचंच. लिओ लहान असताना ट्यूमरमुळे त्याचा डावा डोळा काढावा लागला. पुढे आयुष्यभर तो काचेचा डोळा लावून वावरला.

तेरा वर्षांचा असताना त्याच्या मामाने त्याला एक खोकं पाठवलं. मामाचं सांता मारियाला मोटारींच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. खोक्यात रेडिओचे जुने, टाकून दिलेले पार्ट आणि एक बॅटरी. पुढच्या वर्षी लिओ मामाच्या दुकानात गेला, तर तिथे मामाने सुट्या भागांतून स्वतः जोडलेला रेडिओ ठेवला होता आणि त्याच्या स्पीकरमधून मोठ्ठा आवाज येत होता. तो आवाज त्याच्या डोक्यात कायमचा बसला. घरी येऊन त्याने रेडिओ खोलायला, जोडायला आणि शाळेत असतानाच दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली.

पण रेडिओवर घर चालेल असं कुणाला वाटणार? १९२८मध्ये हायस्कूल संपल्यावर तो फुलर्टनच्या ज्युनियर कॉलेजात गेला आणि त्याने अकाउंटिंग घेतलं. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही वर्ग त्याने कधी केला नाही. अनाहाइमच्या एका बर्फाच्या कंपनीत आधी माल पोचवायचं काम, मग तिथेच हिशेबनिसाची नोकरी. त्याच सुमारास एका स्थानिक बँडवाल्याने त्याला नाचाच्या कार्यक्रमांसाठी लाउडस्पीकरची व्यवस्था करून मागितली. लिओने तसे सहा संच बनवून दिले. हा त्याचा पहिला 'साइड प्रोजेक्ट' म्हणायला हरकत नाही.

१९३४मध्ये एस्थरशी लग्न झालं आणि दोघं सॅन लुइस ओबिस्पोला गेली. तिथे हायवे खात्यात हिशेबनिसाची सरकारी नोकरी मिळाली होती. महामंदीचा काळ. ती नोकरी गेली. मग एका टायर कंपनीच्या हिशेब विभागात लागला, तर सहा महिन्यांत तिथलीही जागा इतर अनेकांबरोबर रद्द झाली. वय अठ्ठावीस-एकोणतीस, लग्न झालेलं, आणि लागोपाठ दोन नोकऱ्या गेलेल्या.

हे वाचताना मी थोडा थांबलो. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांना एका सकाळी ईमेल आला, त्यात मीही होतो. एच-वन-बीवर असलेल्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवसांच्या आत नवी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मला एक्केचाळिसाव्या दिवशी ऑफर आली. ते एक्केचाळीस दिवस मी आणि बायको कॅलेंडरकडे बघत काढले. आईला तर नवी नोकरी लागल्यावरच सांगितलं. इथल्या अनेक मराठी घरांना हे नवीन नाही.

लिओने काय केलं? १९३८मध्ये सहाशे डॉलर उसने घेतले, फुलर्टनला परत आला आणि 'फेंडर रेडिओ सर्व्हिस' नावाचं दुकान टाकलं. असं म्हटलं की लगेच कुणीतरी मला विचारतं, मग तू का नाही टाकत काहीतरी स्वतःचं? साधं उत्तर असं की व्हिसावरच्या माणसाला उसने पैसे घेऊन दुकान टाकायची मुभा नसते. लिओ स्वतःच्या गावात होता, स्वतःच्या देशात होता. त्याच्या धाडसाला पाय ठेवायला जमीन होती. त्यामुळे त्याचं धाडस कमी होत नाही, पण आपण त्याची गोष्ट डोळे उघडे ठेवून ऐकावी एवढंच.

दुकानात रेडिओ दुरुस्ती चाले, रेकॉर्ड विकल्या जात, लाउडस्पीकर भाड्याने मिळत. गावातले, आजूबाजूच्या क्लबांतले वादक आपापले बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन येत. इलेक्ट्रिक गिटार तेव्हा नुकती कुठे सुरू झाली होती. तिचे ॲम्प्लिफायर गाडीच्या डिकीत आदळत, आपटत, घामाघूम हॉलमध्ये रात्रभर तापत. लिओ ते उघडून बघायचा. कुठला सांधा निसटतो, कुठला भाग आधी जळतो, काय बदलायला मूठभर तारा बाजूला काराव्या लागतात, हे सगळं त्याने वर्षानुवर्षं स्वतःच्या हातांनी पाहिलं. महायुद्ध सुरू झालं, पण एका डोळ्यामुळे तो सैन्यात गेला नाही. दुकान चालूच राहिलं.

इथे व्हॉल्व्हबद्दल दोन शब्द. अमेरिकेत त्याला ट्यूब म्हणतात, पण आपल्याकडे रेडिओ दुरुस्तीवाले व्हॉल्व्हच म्हणत आले. मर्फी किंवा फिलिप्सचा जुना रेडिओ लावला की आधी डायलमागचा दिवा लागायचा आणि आवाज यायला काही सेकंद लागायचे. ते सेकंद व्हॉल्व्ह तापायचे. काचेच्या नळीत हवा नसते. आतली तार तापली की तिच्याभोवतीच्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात, कारण प्लेटवर दोन-तीनशे व्होल्ट असतात. दोघांच्या मध्ये एक जाळी असते. त्या जाळीवरचा व्होल्टेज किंचित हलवला की धावणारा प्रवाह बराच कमी-जास्त होतो. नळाच्या तोटीसारखंच. बोटाने तोटी जरा फिरवली की पाण्याची धार बदलते. गिटारचा कणभर सिग्नल ही तोटी फिरवतो आणि पलीकडे स्पीकर हलतो.

युद्धाच्या काळात लिओची दोस्ती डॉक कॉफमनशी झाली. डॉक स्वतः वादक आणि वाद्यं बनवण्यातला जाणकार. दोघांनी मिळून गिटारच्या तारांचा आवाज पकडणारा एक पिकअप बनवला आणि तो तपासायला एक ओबडधोबड गिटार केली. ती स्थानिक वादकांना इतकी आवडली की ते ती भाड्याने मागून नेऊ लागले. मग १९४५मध्ये दोघांनी 'के अँड एफ' नावाने मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटार आणि सोबत छोटे ॲम्प्लिफायर बनवायला घेतले. पण लिओ मिळेल तो पैसा धंद्यात ओतू लागला तशी डॉकला कर्जाची धास्ती वाटू लागली. मंदी दोघांनीही पाहिली होती. एकाने त्यातून शिकलं की नोकरीवर विसंबू नये, दुसऱ्याने शिकलं की कर्जावर विसंबू नये. १९४६मध्ये डॉक बाजूला झाला. दोस्ती मात्र शेवटपर्यंत टिकली.

लिओने कंपनीला स्वतःचं आडनाव दिलं. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची होती. एस्थर टेलिफोन कंपनीत नोकरी करत होती, आणि धंद्यातून घर चालेना तेव्हा तिचा पगार कामी येत होता. अशा बायकांची नावं गिटारवर छापली जात नाहीत.

१९४८च्या सुमारास कंपनीने शिकाऊ मुलांसाठी एक अगदी लहान ॲम्प्लिफायर काढला. नाव 'चॅम्पियन', पुढे नुसतं 'चॅम्प'. शिकाऊ स्टील गिटारबरोबर जोडीने विकायचा, स्वस्तातला. त्याचं सर्किट बघितलं की पहिल्यांदा वाटतं, एवढंच? १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या चॅम्पमध्ये फक्त तीन व्हॉल्व्ह आहेत. पहिला १२एएक्स७. त्यात एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह असतात, म्हणजे सिग्नल दोनदा वाढतो. दुसरा ६व्ही६, जो स्पीकर हलवायची ताकद देतो. तिसरा ५वाय३, तो घरातल्या एसी विजेचं डीसी करतो. बाहेर फक्त आवाजाचं एक बटण. आठ इंचांचा स्पीकर. ताकद जेमतेम पाच वॅट.

यातलं एकही सर्किट लिओचा शोध नव्हता. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या पुस्तिका छापत आणि त्यात असे नमुने दिलेले असत. फेंडरच्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या आत चिकटवलेल्या कागदावर वेस्टर्न इलेक्ट्रिक आणि एटी अँड टीच्या पेटंटांच्या परवान्याचा उल्लेखच असे. लिओचं काम वेगळं होतं. त्यात हिशेबनीस आणि दुरुस्तीवाला दोघंही दिसतात. हिशेबनीस म्हणतो, भाग कमी ठेवा, पैसे कमी लागतील. दुरुस्तीवाला म्हणतो, जो भागच नाही तो बिघडणार कसा?

आणि जे भाग आहेत ते हाताला लागले पाहिजेत. लिओच्या ॲम्प्लिफायरमध्ये रेझिस्टर आणि कपॅसिटर एका फायबरच्या पट्टीवर ओळीने मांडलेले असतात. मागची फळी चार स्क्रू काढले की निघते. आत कागद चिकटवलेला असतो, कुठल्या जागी कुठला व्हॉल्व्ह ते त्यावर लिहिलेलं. ६व्ही६ला लागणारा बायस एका साध्या रेझिस्टरमधून आपोआप मिळतो, त्यामुळे व्हॉल्व्ह गेला तर नवा खोचायचा आणि वाजवायला बसायचं. बल्ब बदलण्याइतकं सोपं. बाहेरून प्रवासी बॅगांना लावतात तसलं जाडंभरडं कापड, कारण हे खोकं आदळणार, आपटणार हे त्याला माहीत होतं.

हीच नजर त्याने गिटारकडेही वळवली. १९५०मध्ये त्याने ठोकळ्यासारख्या लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. आधी तिचं नाव ब्रॉडकास्टर होतं, पण ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव जवळपास तेच निघालं, म्हणून १९५१मध्ये ती टेलिकास्टर झाली. तोवर चांगल्या गिटारची मान अंगाला सरसाने चिकटवलेली असे. लिओने ती चार स्क्रूंनी बसवली. मान वाकली? काढा, दुसरी लावा. जुन्या कारागिरांनी नाकं मुरडली. पण ज्या वादकाला शनिवारी रात्री कार्यक्रम आहे, त्याला शुक्रवारी दुरुस्त होणारी गिटार हवी असते. मग १९५१मध्येच प्रिसिजन बेस आली आणि १९५४मध्ये स्ट्रॅटोकास्टर. दरवेळी लिओ नमुना करायचा, क्लबातल्या वादकांच्या हातात द्यायचा आणि काय खटकतं ते विचारायचा. स्वतःला वाजवता येत नव्हतं, त्यामुळे ऐकून घेण्याशिवाय इलाजच नव्हता. मला तर वाटतं, हीच त्याची जमेची बाजू ठरली.

आता माझ्या खोक्याबद्दल. मी अपार्टमेंटमध्ये राहतो. भिंती लाकडाच्या आणि पातळ. पाच वॅट ऐकायला किरकोळ वाटतं, पण गणित करून बघा. ९५ डेसिबल क्षमतेचा साधा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ९५ डेसिबल देतो. पाच वॅटवर तो १०२ला जातो. शेजारच्या बाळाची झोप उडायला एवढं पुरे. दुसरी गंमत म्हणजे ताकद दहापट केली तरी आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. म्हणजे पन्नास वॅटचा ॲम्प पाच वॅटच्या दहापट मोठा वाटत नाही. उलट बाजूने, ताकद निम्मी केली तरी फक्त तीन डेसिबल कमी होतात. म्हणून वॅट जपून कमी करावे लागतात.

मी लिओसारखंच केलं, ६व्ही६ची कंपनीने छापलेली माहिती उघडली. त्यात प्लेटवर १८० व्होल्टची एक ओळ आहे. जाळीला उणे साडेआठ व्होल्ट, प्लेटमधून २९ मिलिअँपिअर, दुसऱ्या जाळीतून ३, ट्रान्सफॉर्मरचा भार ५५०० ओहम आणि मिळणारी ताकद २ वॅट. कॅथोडमधून एकूण ३२ मिलिअँपिअर जाणार आणि तिथे साडेआठ व्होल्ट हवेत, म्हणजे रेझिस्टर साधारण २६६ ओहमचा. बाजारात २७० मिळतो. झालं डिझाइन. व्हॉल्व्हच्या अंगात यामुळे पाच वॅटच्या आसपास उष्णता साठते आणि त्याला झेपणारी मर्यादा १२ वॅट आहे. बिचारा निवांत असतो.

वीज मात्र निवांत नसते. १८० व्होल्ट डीसी असो नाहीतर चॅम्पमधले साडेतीनशेच्या आसपास, दोन्ही जीव घेऊ शकतात. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ती रेझिस्टरमधून उतरवायची आणि मीटर शून्य दाखवेपर्यंत आत बोट घालायचं नाही. माझे बाबा तरुणपणी साताऱ्यात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हौसेने जाऊन बसायचे. ते कपॅसिटरला अजून कंडेन्सर म्हणतात. व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला खोकं उलटंसुलटं दाखवायला लावलं आणि चालू सर्किटवर मोजमाप करताना एक हात खिशात ठेवायचा, हे तीन वेळा बजावलं. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो. मुलगा परदेशात काय काम करतो हे त्यांना कधी नीटसं समजलं नव्हतं, पण त्या दिवशी आम्ही दीड तास एकाच विषयावर बोललो.

पुन्हा लिओकडे. छोट्या चॅम्पबरोबर त्याचे मोठे ॲम्प्लिफायरही वाढत गेले. त्याच्या बेसमन नावाच्या ॲम्प्लिफायरचं सर्किट समोर ठेवून १९६२मध्ये लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात पहिला मार्शल ॲम्प तयार झाला. इंग्लंडमधल्या वाचकांना ते नाव वेगळं सांगायला नको. इकडे बाल्बोआच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या नाचघरात डिक डेल नावाचा गिटारवाला इतक्या जोरात वाजवायचा की लिओने दिलेले ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकामागून एक जळत. लिओ चिडला नाही. काय जळलं ते बघितलं आणि त्याच्यासाठी जास्त ताकदीचा 'शोमन' बनवला.

एका बाबतीत मात्र वादकांनी त्याचं ऐकलं नाही. लिओला स्वच्छ आवाज आवडायचा. आवाज फाटणं हा त्याच्या लेखी दोष होता. पण छोट्या व्हॉल्व्हला झेपेल त्याहून मोठा सिग्नल दिला की तो एकदम कापत नाही, हळूहळू गोलाई देत फाटतो. लोकांना तेच हवं होतं. १९७०मध्ये मायामीच्या स्टुडिओत एरिक क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन यांनी 'लेला' अल्बमसाठी छोटे चॅम्प वापरले. शिकाऊ मुलांसाठी काढलेलं ते खोकं.

तोपर्यंत कंपनी लिओची राहिली नव्हती. सायनसच्या चिवट संसर्गाने तो कित्येक वर्षं बेजार होता. इतका की आपण आता फार जगत नाही अशी त्याची खात्री झाली. मागे कारखान्याचं काय होणार, शेकडो कामगारांचं काय? त्याने कंपनी विकायला काढली. जानेवारी १९६५मध्ये सीबीएस या बलाढ्य कंपनीने ती १ कोटी ३० लाख डॉलरला घेतली. काही वर्षांत लिओने डॉक्टर बदलला, पेनिसिलिनचा मोठा डोस मिळाला आणि तो खडखडीत बरा झाला.

तब्येत परत मिळाली, नाव मात्र गेलेलं. फेंडर हा शब्द आता सीबीएसच्या मालकीचा होता. दर्जा घसरला अशी वादकांची तक्रार सुरू झाली, जुन्या गिटार आणि ॲम्प्लिफायर लोक शोधून घेऊ लागले. स्वतःचं आडनाव असलेली वस्तू वाईट निघते हे लांबून बघत राहणं सोपं नसावं.

कटुता धरून बसायचा त्याचा स्वभाव नव्हता. म्हणून तो पुन्हा टेबलाशी बसला. सत्तरच्या दशकात म्युझिक मॅन कंपनीसाठी वाद्यं केली. १९७९मध्ये एस्थर कॅन्सरने गेली. पंचेचाळीस वर्षांची सोबत संपली. पुढच्याच वर्षी, वयाच्या सत्तरीत, त्याने जुना सहकारी जॉर्ज फुलर्टनला घेऊन 'जी अँड एल' ही नवी कंपनी काढली. म्हणजे जॉर्ज आणि लिओ. त्याच वर्षी फिलिसशी दुसरं लग्नही केलं. पुढे पार्किन्सन्स झाला, तरी तो रोज कारखान्यात जात राहिला. २१ मार्च १९९१ रोजी त्याचं निधन झालं. आदल्या दिवशीही तो कामावर गेला होता असं सांगतात. जी अँड एलने त्याची काम करायची खोली त्याने सोडली तशीच जपून ठेवली. १९९२मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. गिटार न वाजवता.

दरम्यान १९८५मध्ये फेंडर कंपनी तिच्याच काही कर्मचाऱ्यांनी सीबीएसकडून विकत घेतली आणि ती आजही चालू आहे. पण समजा ती बंद पडली असती, तरी चॅम्प राहिला असता. कारण तो कुणालाही उघडता येतो, वाचता येतो आणि पुन्हा बनवता येतो. सत्तरएक वर्षांपूर्वीचं ते सर्किट आज मी एका पानावर काढू शकतो आणि त्यातला प्रत्येक भाग विकत मिळतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले जे लिहितो ते पाच वर्षांनी चालू असेल का, याची खात्री कुणी देत नाही. ज्या प्रॉडक्टवर मी तीन वर्षं रात्री जागवल्या, ते आमच्या ईमेलनंतर दोन महिन्यांत बंद झालं. त्याचा कोड कुणी उघडून बघणार नाही, बघितला तरी समजेल असा आम्ही तो ठेवला होता का, हा प्रश्न वेगळाच. नव्या नोकरीत मी आता सोप्या रचना निवडतो आणि पुढच्या माणसासाठी चार ओळी जास्त लिहितो. त्याचं थोडं श्रेय या दुरुस्तीवाल्याला द्यायला हवं.

माझ्या ॲम्प्लिफायरच्या मागच्या फळीवर आतून एक कागद चिकटवलाय. वर सर्किट, खाली कुठल्या जागी कुठला व्हॉल्व्ह, कुठे किती व्होल्ट मोजायला हवेत, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात कपॅसिटर आधी रिकामे करायची सूचना. इंग्रजीत आहे, कारण उद्या आम्ही इथून परत गेलो तर हे खोकं कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. सूचनेखाली मराठीत एक ओळ जास्तीची आहे, बाबांनी सांगितलेली, खिशातल्या हाताबद्दलची.